उलट्या हाताचा रेडिओ

९ जानेवारी

दादू,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या त्या आळशी हातालाही, जो दोन ओळी लिहायच्या म्हटल्या की दुखायला लागतो.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहोत. फोन करता आला असता, पण फोनवर तू नुसता हं, हं करतोस, आणि आपल्या दोन खोल्यांत एकाने कुजबुजलं तरी दुसऱ्याला ऐकू जातं. हे भिंगरीच्या कानावर जायला नको म्हणून लिहितेय. उत्तरही घरी पाठवू नकोस, खाली शिंप्याच्या दुकानात पाठव. काजं-बटणं करायला मी रोज तिथे बसतेच. अक्षर लागलं नाही तर मोठ्याने वाच, मी बोलते तसंच लिहिलंय. शाळेत मी टिकले कुठे, जोडाक्षरं आली आणि मी पळाले.

तर गोष्ट अशी, की तुझी लेक विमान बनवतेय. खेळण्यातलं नव्हे, खरंखुरं उडणारं, खाली उभं राहून रेडिओने चालवायचं. शाळेत त्याचा एक गट आहे, विमानवाले सर म्हणून एक गृहस्थ तो चालवतात. पांढऱ्या फोमचा सांगाडा तिने एकटीने कापला. पंख पाठीवर आहेत, मी दोन्ही हात पसरले तर त्याहून थोडे कमी. पंख चिकटेपर्यंत धरून बसायचं काम माझं होतं. तो डिंक असला जालीम, की पंख चिकटला आणि मीही चिकटले. भिंगरीने साबणाच्या कोमट पाण्यात बोटं बुडवून मला सोडवलं आणि पोट धरून हसली. मला तर वाटलं अजून थोडा वेळ चिकटून राहावं.

आता सांगाड्यात जीव घालायचाय. दुकानात गेलो तर दुकानदाराने वर्गाची हजेरी घ्यावी तशी नावं घेतली, मोटर, सर्वो, हे कंट्रोलर, ते रिसिव्हर, आणि प्रत्येकाचे पुन्हा प्रकार. पोर गोंधळली. विमानवाले सर म्हणतात ज्याचं त्याने शोधावं, त्यातच शिक्षण आहे. मग मला आठवलं की हे सगळं तुला झोपेत विचारलं तरी येतं. लग्नाआधी तू आमचं जेवायचं टेबल ह्याच सामानाने भरून टाकायचास आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवायचो. तर काय घ्यायचं ते लिही. मी तिला सांगेन दुकानदाराने सांगितलं म्हणून. तुझं नाव काढलं तर ती हातातलं काम टाकून गॅलरीत जाऊन उभी राहते.

तिला बोल लावू नकोस. तिची आई गेली, तू पोरीला माझ्या ओटीत घातलंस आणि थोडे दिवस म्हणून त्या लांबच्या बंदरावर क्रेनच्या वायरी सांभाळायला गेलास. थोडे दिवस किती लांबले बघ, तेव्हा ती माझ्या कमरेला लागायची, आता मी तिच्या खांद्याला लागते. दर सुट्टीला येतो म्हणालास आणि दर सुट्टीला ती जिन्यात बसून राहिली. आता बसत नाही.

मार्चच्या पंधरा तारखेला सगळ्या मुलांची विमानं मैदानावर पहिल्यांदा उडणार आहेत. त्या दिवशी तू ये. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, हे मागते. अजून थोडे दिवस असेच गेले तर तिचा राग निवेल, आणि मला त्याचीच भीती आहे. राग आहे तोवर तू तिचा बाप आहेस. राग गेला की दारात पाहुणा उभा राहील, ती पाणी आणून देईल आणि अभ्यासाला बसेल.

सामानाचं लवकर लिही, डिंक वाळला आहे.

तुझी आई


१८ जानेवारी

आई,

नमस्कार. पत्र पोचलं. तू म्हणालीस तसं मोठ्याने वाचलं, खोलीतले सगळे ऐकत बसले.

ह्या मापाचं विमान सामानासकट पाऊण किलोच्या आसपास राहायला हवं. त्या हिशोबाने लिहितो. ब्रशलेस मोटर घ्या. तिच्यावर एक आकडा असतो, एका व्होल्टला किती फेरे मारते त्याचा. दुकानदार मोठा आकडा दाखवेल आणि म्हणेल विमान बाणासारखं जाईल. शिकणाऱ्याला बाण नको. हजाराच्या आसपासची घ्या, म्हणजे ती मोठा पंखा सावकाश फिरवेल आणि विमान तरंगेल.

स्पीड कंट्रोलर म्हणजे तुझ्या शेगडीचं बटण समज, मोटरला किती वीज द्यायची ते तो ठरवतो. मोटर जास्तीत जास्त ओढेल त्याच्या दीडपट झेपणारा हवा. तीस ॲम्पिअरचा पुरेल. बाकी कुठेही हात आखडता घ्या, इथे नको. तो हवेत जळला तर रेडिओचं ऐकणारा विमानातला रिसिव्हरही बहिरा होतो, कारण त्याला वीज ह्याच्याकडूनच मिळते.

बॅटरी तीन सेलची, मध्यम. मोठी घेतली तर जास्त वेळ उडेल असं वाटतं, पण वजन वाढलं की तेवढं विमान हवेत ठेवायला वेग लागतो, आणि नवा माणूस वेगाला घाबरतो. ती चार्ज होत असताना तिच्यासमोर बसायचं, आणि फुगली तर हळहळ न करता काढून टाकायची. सर्वो, म्हणजे फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी, दोनच, शेपटीच्या आडव्या फळीला एक आणि उभ्या फळीला एक. पहिल्या विमानाच्या पंखात काही घालू नका.

रेडिओ आणि रिसिव्हर एकाच कंपनीचे घ्या, नाहीतर एकमेकांचं ऐकत नाहीत. रेडिओला दोन दांड्या असतात. कुठल्या हातात वेग आहे त्यावरून दोन प्रकार मिळतात. डाव्या हातात वेग असलेला घ्या. हल्ली सगळे तोच वापरतात, म्हणजे मैदानावर अडचण आली तर कुणीही पटकन हातात घेऊन विमान सावरू शकतं. माझा उलटा होता, उजव्या हातात वेग आणि डाव्या हातात नाक वर-खाली. मी एकटाच एका जुन्या सेटवर शिकलो, म्हणून ती सवय लागली. तो कुणी घेऊ नये.

मार्चचं बघतो.

दादू


३ फेब्रुवारी

दादू,

आशीर्वाद. बघतो म्हणजे काय रे. मार्च काय दुकानात टांगलाय, बघून ठेवून द्यायला?

शिंप्याने पत्र देताना डोळे मिचकावले, म्हणाला आजी, ह्या वयात चोरून पत्रं. मी म्हटलं, तुझ्या बायकोला कधी आलं नाही म्हणून जळतोस का. त्या दिवसापासून गप्प आहे, पण काजं जास्त देतो.

सामान आलं. मी तुझं पत्र पाठ करून गेले होते. दुकानदार कोवळा आहे, चष्मा कपाळावर ठेवतो आणि तोच शोधत बसतो. त्याने पहिली मोटर काढली ती तू म्हणालास तीच, बाणवाली. मी म्हटलं बाण नको, सावकाश फिरणारी दे, हजाराच्या आसपासची, पंखा मोठा. तो माझ्याकडे बघत राहिला. मग छोटा कंट्रोलर दाखवायला लागला, तर मी म्हटलं दीडपट हवा, हवेत जळला तर कोण धावेल, तू? त्याने विचारलं, आजी, तुम्ही स्वतः उडवता का. मी म्हटलं, अजून नाही. दुकानातली दोन गिऱ्हाइकं माझ्याशी अदबीने बोलायला लागली. एकाने तर मला त्याची बॅटरी दाखवली. फुगलेली होती, टाकून दे म्हणाले. मला इतकी मजा आली म्हणून सांगू. जन्मभर मी दुकानात पिशवी धरून मागे उभी राहिलेली बाई.

फजिती पुढे झाली. मी भिंगरीला सांगून ठेवलं होतं की हे सगळं दुकानदाराने सांगितलंय, आणि तो दुकानदार तर प्रत्येक वस्तूला उलटं बोलत होता. माझी थाप माझ्यासमोर कपाळावर चष्मा लावून उभी होती आणि मलाच खोटं पाडत होती. भिंगरी बघत होती. नुसती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे.

सर्वो मला सगळ्यात आवडले. आगपेटीएवढी निळी डबी आणि तिला एकच हात. वीज दिली की तो हात मानेने नाही-नाही म्हणावं तसा हलतो. मी दोन्ही एकदम हलवून बघितले, दोघी जावा भांडतायत असं वाटलं.

आता रेडिओ. इथे मी तुझं ऐकलं नाही. भिंगरी पंखे निवडायला पलीकडे गेली होती. दुकानदाराने दोन रेडिओ मांडले, जुळे भाऊ असावेत तसे, आणि विचारलं वेग कुठल्या हातात. मी म्हटलं उजव्या. तो म्हणाला आजी, हा कुणी नेत नाही, खोक्यावर धूळ बसलीय. मी म्हटलं पुसून दे.

रागावू नकोस. तू लिहिलंस की डाव्या हाताचा घेतला तर मैदानावर कुणीही मदतीला येईल. मला कुणीही नकोय रे. तू हवायस. तू येशील आणि त्या वेळी तुझ्याच लेकीचा रेडिओ तुझ्या हाताला परका लागेल, हे मला बघवलं नसतं.

घरी भिंगरीने खोकं उघडलं. दांड्या हलवून बघितल्या, डावी, उजवी, परत डावी. मग माझ्याकडे बघितलं. मी विचारलं काय गं, बिघडलाय का. नाही म्हणाली, छान आहे. बघ, तिला काही फरक पडला नाही.

तुझी आई


१२ फेब्रुवारी

आई,

रेडिओ बदलून आण, असं मला लिहायचं होतं. तेच लिहायला हवं. पण काल कामावर क्रेनच्या केबिनमध्ये बसलो होतो, तिथेही दोन दांड्या असतात, आणि तुझं पत्र खिशात होतं.

भिंगरी लहान होती तेव्हा मी तिला माझ्या बुटांवर उभी करायचो, तिची पाठ माझ्या पोटाला टेकलेली, रेडिओ तिच्यापुढे. तिचे अंगठे दांडीवर आणि माझे तिच्या अंगठ्यांवर. वळायची वेळ आली की तीही कमरेत वळायची. तिची आई लांब चटईवर बसून ओरडायची की पोरीला चक्कर येईल. तिला आठवत असेल असं वाटत नाही.

तू तो रेडिओ घेतलास ह्याने मला बरं वाटलं. हे बरोबर नाही, पण खरं आहे. आता त्या मैदानावर तो हातात घेऊ शकेल असा मी एकटाच असणार, म्हणजे यायलाच हवं. रजा मागितली, मिळाली. त्या दिवशी सकाळी पोचणाऱ्या बसने थेट मैदानावर येतो. तिला आधी सांगू नकोस.

मोटर पहिल्यांदा फिरवाल तेव्हा पंखा लावू नका, नुसती फिरवा. उलटी फिरली तर तीन वायरींतल्या कुठल्याही दोन अदलाबदल करा. सर्वोला वीज देऊन तो मधोमध आला की मगच त्याचा हात बसवा. आणि शेवटी विमान दोन बोटांवर तोलून बघा, पंखाच्या पुढच्या कडेपासून एक तृतीयांश अंतरावर. नाक जड वाटलं तर बॅटरी मागे, शेपटी जड वाटली तर पुढे. शेपटी जड असलेलं विमान कुणाचंही ऐकत नाही.

दादू


२५ फेब्रुवारी

दादू, माझ्या राजा,

तुझं पत्र आल्यापासून माझं पोट गच्च भरल्यासारखं झालंय. मी तिला काही सांगितलेलं नाही, शप्पथ. पण मी येता-जाता गुणगुणते असं ती म्हणते. मी म्हटलं, म्हातारपणात नरड्यातून आवाज येतात.

मोटर उलटीच फिरली, तू म्हणालास तशी. दोन वायरी बदलल्या आणि सरळ झाली. नंतर पंखा लावून फिरवली तर शिंप्याचे कागदी नमुने, जे मी वर आणून ठेवले होते, ते खोलीभर उडाले. एका बाईचा ब्लाऊज छताच्या पंख्यावर जाऊन बसला. आम्ही दोघी हसून हसून जमिनीवर.

काल बोटांवर तोललं. एका पंखाखाली तिचं बोट, दुसऱ्याखाली माझं. शेपटी जरा खाली होती. तिने बॅटरी चिमूटभर पुढे सरकवली आणि ते मधे तसंच राहिलं, हललं नाही. आम्हीही हललो नाही. एवढ्या जवळून मी तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी बघितला.

रोज संध्याकाळी ती गॅलरीत रेडिओ घेऊन उभी राहते, विमान न लावता. नुसते अंगठे चालतात, डोळे समोर, ओठ मिटलेले. मधेच चुकली की स्वतःवर चिडते आणि पहिल्यापासून सुरू करते. मी विचारलं एवढं काय घोटतेस, तर म्हणाली, आजी, हाताला सांगावं लागतं. काय सांगावं लागतं कोण जाणे.

मैदानाला पलीकडून पाण्याच्या टाकीपाशी वाट आहे, बस तिथेच सोडते. बाकी काही घेऊन येऊ नकोस.

तुझी आई


१७ मार्च

दादू,

आशीर्वाद आहे. तो काही मी परत घेत नाही.

सकाळी लवकर गेलो. मी घडी घालता येणारी खुर्ची नेली आणि रस्ता दिसेल अशी मांडली. विमानवाले सर एकेका मुलाजवळ उभे राहत होते, विमान डगमगलं की रेडिओ हातात घेऊन सावरून देत होते. भला माणूस आहे, मी उगाच त्यांना बोलायचे. भिंगरीचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, थोडं थांबते. दुसरी मुलं पुढे गेली. पुन्हा नंबर आला, पुन्हा थांबते म्हणाली. तेव्हा मला दिसलं की रस्त्याकडे मी एकटीच बघत नव्हते. मी तिला एका शब्दानेही सांगितलं नव्हतं रे.

शेवटी थांबता येईना. सरांनी विमान हाताने फेकलं आणि ते गेलं. तिने कापलेला, आम्ही चिकटवलेला फोमचा तक्ता, ज्याला माझी बोटं चिकटली होती, तो झाडांच्या वर गेला. मी खुर्चीत बसले नाही मग, उभीच. वळलं, परत आलं, आमच्या डोक्यावरून गेलं, त्याची सावली माझ्या अंगावरून गेली. मी ह्या जन्मात असं काही बघितलं नाही. मला वाटलं तू इथे असायला हवा होतास, आणि लगेच वाटलं की नाहीस तर नाहीस, मी बघतेय.

मग वारा आला. एक पंख वर उचलला गेला, विमान आडवं झालं. सर दोन ढांगांत तिच्याजवळ पोचले आणि त्यांनी रेडिओ तिच्या हातातून घेतला. ती काहीतरी म्हणाली, तोवर झालं होतं. नाक खाली करून ते सरळ जमिनीत. कागदाच्या खोक्यावर पाय पडावा तसा आवाज आला, एवढाच.

सरांनी हातातल्या रेडिओकडे बघितलं. म्हणाले, अगं, हा उलट्या हाताचा आहे, मला सांगायचं नाही का. मग तेच तिची माफी मागायला लागले. ही म्हणाली, सर, तुमचं काही नाही, ते माझ्या हातून आधीच गेलं होतं.

घरी आल्यावर तिने एकेक वस्तू सोडवली. मोटरचा दांडा वाकलाय, बॅटरी चेपली म्हणून बाहेर वाळूच्या बादलीत ठेवली. बाकीचं पुसून खोक्यात भरलं. मी म्हटलं, फोम काय पुन्हा मिळेल. ती म्हणाली, फोम मिळेल आजी, मला नाही जमत हे, वाऱ्याचा एक फटका बसला आणि हातातून गेलं. मी म्हटलं चूक माझी, रेडिओ मी असला आणला. तर म्हणते, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. शाळेत कॉम्प्युटरवर सराव करतात तो डाव्या हाताचा असतो. ती तसंच शिकली होती. ते सगळं विसरून तिने गॅलरीत उभं राहून हात उलटे केले.

मी विचारलं, मग बदलून आण म्हणाली का नाहीस? सांगितलं असतंस तर दुसऱ्या दिवशी आणला असता.

म्हणाली, "मला वाटलं, येतील."

बस. एवढंच बोलली आणि खोकं खाटेखाली सरकवलं.

मी हे कुणासाठी आणलं होतं ते तुला माहीत आहे. कुठे होतास तू?

आई


२६ मार्च

आई,

मी तिथे होतो.

बस वेळेवर आली. टाकीपर्यंत आलो आणि तिथून मैदान दिसलं. तुझी खुर्ची दिसली. तुझ्या बाजूला एक उंच मुलगी होती, मला आधी कळलंच नाही ती कोण. मग तिने एका पायावर भार टाकून मान वळवली, अगदी तिच्या आईसारखी, आणि रस्त्याकडे बघितलं. मी टाकीच्या मागे झालो. का झालो ते मला सांगता येत नाही. पाय आपोआप गेले.

मग मी स्वतःची समजूत घालत राहिलो. तिचा नंबर जवळ आलाय, आत्ता गेलो तर ती गडबडेल. विमान वर गेल्यावर म्हटलं, आता तर नकोच, लक्ष जाईल, उतरलं की जाऊ. प्रत्येक वेळी कारण चांगलं होतं.

सरांनी रेडिओ घेतला तेव्हा मी पळत निघालो होतो, पण त्याला अर्थ नव्हता. त्यांनी वेग वाढवायला डावी दांडी पुढे ढकलली असणार. आपल्या रेडिओत त्याने नाक खाली जातं. नाक उचलायला उजवी मागे ओढली असणार, त्याने वेग गेला. त्यांनी सगळं बरोबर केलं. तो रेडिओ धरू शकणारा माणूस टाकीमागे उभा होता. दुपारच्या बसने परत आलो. तू स्वतःला दोष देऊ नकोस, बदलून आण म्हणून मी लिहिलं नाही.

एक गोष्ट मात्र तिला सांग. विमान तिच्या हातून गेलं नव्हतं. सर तिच्या मागून धावत आले, त्यांना दिसलं नसेल. मी बाजूने बघत होतो. पंख सरळ होत होता, नाक वर येत होतं. अजून एक श्वास थांबले असते तर ते सावरलं असतं, तिनेच सावरलं असतं. हे मी तिला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, मी असली विमानं खूप बघितली आहेत.

एवढं तिला सांग. मी तिथे होतो हे नको सांगूस.

दादू


४ एप्रिल

दादू,

सांगणार नाही.

तुझं पत्र मी शिंप्याच्या दुकानात वाचलं आणि माझ्या हातातली सुई कपड्याऐवजी बोटात गेली. तू तिथे होतास. माझ्या एका हाकेवर होतास. मी दिवसभर रस्त्याकडे मान करून बसले आणि माझी मान अजून अवघडलेली आहे, आणि तू मला टाकीमागून बघत होतास. ह्यावर मी जास्त लिहीत नाही. लिहिलं तर मला माझाच राग येईल, तुला मीच वाढवलंय.

तुझा निरोप मी तिला कसा देऊ? ती विचारेल, नाक वर येत होतं हे तुला कुणी सांगितलं. काय सांगू, दुकानदाराने? मी आपल्या मनाने सांगितलं तर ती म्हणेल आजी माझं कौतुक करतेय, आणि मला वरण-भाताचं पातेलं उतरवायला सांगेल. माझं कौतुक तिला उशीसारखं झालंय, डोकं ठेवते पण विश्वास ठेवत नाही. जे तुझ्या डोळ्यांनी बघितलंय ते माझ्या तोंडून खरं वाटणार नाही.

ती रविवारी मैदानावर जात नाही. सर घरी येऊन गेले, म्हणाले हात चांगला आहे हिचा, दुसरं विमान करू. ती म्हणाली, नको सर, मला ऐन वेळी सुचत नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. एवढीशी पोर स्वतःबद्दल असं म्हणते, आणि ते खोटं आहे हे माहीत असलेला माणूस जगात एकच आहे.

मी फार हौसेने तुमच्यामधे पडले रे. मला वाटलं बटण शिवावं तसं आहे, इकडून सुई घातली, तिकडून काढली, जुळलं. तुझं ज्ञान मी दुकानदाराच्या नावाने दिलं, तुझी वाट रेडिओच्या नावाने बघितली. तुम्हा दोघांना एकमेकांशी खरं बोलावं लागू नये ह्याचीच मी इतके दिवस सोय करत बसले होते. मोटर, कंट्रोलर, बॅटरी, सगळं मी नीट निवडलं, तू सांगितलंस तसं. एक गोष्ट मनाची केली आणि त्यात तिचं विमान गेलं. ह्याचं मला वाईट वाटतं, ते आता वाटत राहील.

तर आता तू लिही. मला नाही, तिला. शिंप्याचा पत्ता नको, घरचा घाल, वर तिचं नाव घाल. कुठे उभा होतास तेही लिही, नाहीतर बाकीचं कशाला खरं धरेल ती. ती फाडेल, का वाचेल, का न फोडता फळीवर ठेवून देईल, मला ठाऊक नाही. मी विचारणार नाही, आणि तुला कळवणारही नाही.

जेवत जा.

आई


११ एप्रिल

भिंगरी,

अक्षरावरून ओळखलं असशील. सगळं वाचायचं नसेल तर वाचू नकोस, पण विमानाबद्दल लिहिलंय तेवढं वाच.

तुझं विमान उडलं त्या दिवशी मी मैदानावर होतो, पाण्याच्या टाकीमागे. तू रस्त्याकडे बघत होतीस ते मला दिसत होतं, तरी मी पुढे आलो नाही. आजीला हे माहीत नव्हतं. मी ह्याचं कारण शोधून लिहायचा खूप प्रयत्न केला. मी घाबरलो, ह्यापलीकडे काही सापडलं नाही. तू मोठी झालीस आणि मी तिथे नव्हतो, हे जवळून बघायला घाबरलो.

वारा आला तेव्हा काय झालं ते सांगतो. डावा पंख उचलला गेला आणि विमान आडवं पडलं. अशा वेळी नवा माणूस घाबरून वेग सोडून देतो. मी पहिल्यांदा सोडला होता, माझं विमान एका गोठ्याच्या पत्र्यावर आपटलं. तू सोडला नाहीस. मला तुझे हात दिसत नव्हते, पण मोटरचा आवाज येत होता आणि तो एकसारखा होता, जराही उतरला नाही. मग पंख सरळ व्हायला लागला. मग नाक वर यायला लागलं. त्यानंतर मोटरचा आवाज एकदम बंद झाला, तेव्हा रेडिओ सरांच्या हातात होता.

तो रेडिओ तू माझ्यासाठी उलट्या हाताने शिकलीस हे आजीने लिहिलं. ते पत्र कामावर माझ्या खिशात असतं.

येतो, असं लिहीत नाही. ते तू पुष्कळदा ऐकलं आहेस.

तुझ्या हातात होतं तोवर ते उडत होतं.

बाबा